बूटकॅम्पच्या आधीचे सहा आठवडे

प्रश्न थोडक्यात असा: वय २७, बी.कॉम., कोल्हापुरात एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात पाच वर्षं टॅली आणि जीएसटीचं काम. पुण्यातला चार महिन्यांचा पूर्णवेळ वेब डेव्हलपमेंट बूटकॅम्प ठरवलाय, सुरू व्हायला सहा आठवडे आहेत. तोवर रिअ‍ॅक्ट (जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेत पानं बांधायचं तयार साधन) संपवून जावं का? गणित कच्चं आहे, ते आड येईल का? इंग्रजी बेताचं आहे, लॅपटॉप जुना ४ जीबीचा आहे. आणि नोकरी कधी सोडावी?

रिअ‍ॅक्टला या सहा आठवड्यांत हातही लावू नका. मी चौदा वर्षं याच कामात आहे आणि त्यातली शेवटची सहा वर्षं शनिवार-रविवारच्या बॅचना शिकवतोय. गळती कधी लागते ते आता पाठ झालंय. लोक रिअ‍ॅक्टला कंटाळून जात नाहीत, दुसऱ्याच आठवड्यात जातात. कारण विचारलं तर म्हणतात, 'मला लॉजिकच जमत नाही.' शेजारी बसून पाहावं तर गाडी लॉजिकपर्यंत पोचलेलीच नसते. फाइल एका फोल्डरात सेव्ह होतेय, ब्राउझरमध्ये दुसऱ्याच फोल्डरातली उघडलीय, आणि माणूस दोन तास कोड बदलतोय. पानावर काही बदलत नाही म्हणून स्वतःला ढ ठरवून मोकळा होतो. तोवर वर्ग तीन विषय पुढे गेलेला असतो.

म्हणून तयारी करायची ती अभ्यासक्रमाची नाही, त्याच्या आधीच्या पायरीची. ती पायरी बूटकॅम्पमध्ये कुणी शिकवत नाही, कारण ती सगळ्यांना येते असं गृहीत धरलेलं असतं.

पहिला आठवडा नुसता मशीनला द्या. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं. राइट क्लिक करून नवी टेक्स्ट फाइल बनवली आणि तिचं नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' (एचटीएमएल म्हणजे वेबपानाचा सांगाडा लिहायची भाषा) केलं, तर दिसायला तसंच दिसतं, पण खरं नाव 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी' असतं. ब्राउझर मग पानाऐवजी तुमचा कोडच अक्षरशः छापून दाखवतो. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्टेन्शन दाखवण्याची खूण आजच करा. दुसरं, नव्या विंडोजवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स पुष्कळदा वनड्राइव्हच्या आत गेलेले असतात. पुढे नोडचं (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाचं) एखादं प्रोजेक्ट तिथे ठेवलंत तर हजारो बारीक फाइल्स ढगात चढवण्याच्या नादात मशीन धापा टाकतं. सरळ सी ड्राइव्हवर एक फोल्डर करा. नाव इंग्रजीत, लहान लिपीत, मध्ये जागा नको. सगळं काम तिथेच.

लहान लिपी म्हणतोय त्याला कारण आहे. फोटोच्या फाइलचं नाव कॅपिटलमध्ये आणि कोडमध्ये लिहिलंय स्मॉलमध्ये, तरी विंडोजवर फोटो दिसतो. साइट सर्व्हरवर चढवली की गायब. सर्व्हरवर बहुधा लिनक्स असतं आणि त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं. 'माझ्या मशीनवर चालतंय' हे आमच्या धंद्यातलं सर्वांत जुनं रडगाणं आहे, आणि त्यातला चांगला हिस्सा या एका गोष्टीचा.

मग टर्मिनल, जिथे माउसऐवजी शब्द टाइप करून मशीनला हुकूम द्यायचे. काळी खिडकी पाहून घाबरायला होतं, पण सुरुवातीला लागतात चारच शब्द: मी कुठे आहे ते सांगणारा 'पीडब्ल्यूडी' (बांधकाम खातं नव्हे), इथे काय काय आहे ते दाखवणारा 'एलएस', दुसऱ्या फोल्डरात नेणारा 'सीडी' आणि नवा फोल्डर करणारा 'एमकेडीआयआर'. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) फॉर विंडोज उतरवून घेतलंत की त्याच्यासोबत गिट बॅश येतं, त्यात हे चारही चालतात. आठवडाभर माउसने फोल्डर उघडायचाच नाही असं ठरवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाताला वळण लागतं.

टायपिंगचं म्हणाल तर जीसीसी-टीबीसीची इंग्रजी ३० शब्दांची परीक्षा दिली असेल तर बोटं तयारच आहेत. नसेल तरी तुमच्यासारख्या वाउचर मारणाऱ्यांची बोटं आमच्या इंजिनिअर पोरांपेक्षा बरी असतात, हे मी पाहिलंय. फक्त कंस, महिरपी कंस, आणि एस्केपच्या खालची ती तिरकी बारीक खूण, बॅकटिक, यांचा सराव हवा. आणि एक मराठी माणसाला हमखास नडणारी गोष्ट: कीबोर्ड मराठीवर राहिला आणि आकडे देवनागरीत पडले, तर जावास्क्रिप्ट त्यांना आकडे मानत नाही. '१२' या मजकुराची संख्या करायला सांगितलीत तर उत्तर येतं 'नॅन', म्हणजे ही संख्याच नव्हे. गंमत अशी की व्हेरिएबलचं, म्हणजे माहिती साठवायच्या डब्याचं, नाव मात्र 'किंमत' असं देवनागरीत ठेवलेलं तिला बिनबोभाट चालतं. घरी करून पाहा, कामावर नको. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारा, ती पाच सांगते, कारण काना आणि वेलांटी ती वेगळ्या मोजते. पुढे कधी मराठी नावांचा फॉर्म कराल तेव्हा हे आठवेल.

आता तुमच्या इंग्रजीबद्दल. बूटकॅम्पला लागणारं इंग्रजी म्हणजे इंटरव्ह्यूचं इंग्रजी नव्हे, ते नंतर पाहता येईल. आधी लागतं ते एररचं, आणि त्याचा शब्दसंग्रह पन्नाससुद्धा नाही. पण लोक एरर वाचतच नाहीत. लाल रंग दिसला की नजर आपोआप बाजूला होते, आणि मग कोडमध्ये इथे स्वल्पविराम घाल, तिथला कंस काढ असं चालू होतं. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे एरर दाखवणारी खिडकी, उघडा आणि रोज मुद्दाम चुका करा. कंस अर्धा सोडा, नाव चुकीचं लिहा, आणि काय लाल येतं ते वहीत मराठीत उतरवा. 'इज नॉट डिफाइन्ड' म्हणजे या नावाचं इथे कुणी राहत नाही, स्पेलिंग तपास. 'इज नॉट अ फंक्शन' म्हणजे ज्याला काम सांगतोयस तो कामकरी नाहीच. 'अनएक्स्पेक्टेड टोकन' म्हणजे वाचता वाचता मध्येच नको ते चिन्ह आलं, बहुधा आधीच्याच ओळीत काहीतरी उघडं राहिलंय; किंवा वर्डमधून कोड चिकटवलाय आणि साध्या अवतरणचिन्हांच्या जागी ती वळणदार चिन्हं आलीत. आणि सर्वांत जास्त भेटणारं 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड': डब्यातून काहीतरी काढायला सांगितलंस, पण डबाच नाहीये. इथे चूक काढायच्या वस्तूत शोधायची नसते, डबा का आला नाही ते शोधायचं असतं. एवढं एक वाक्य कळायला मला पहिल्या नोकरीत दोन महिने लागले होते. शेजारी नेहमी ओळीचा आकडा दिलेला असतो, तिथून सुरुवात करा.

पन्नास एरर वहीत झाले की तुम्ही वर्गातल्या निम्म्या लोकांच्या पुढे असाल, मग त्यांचं इंग्रजी कितीही फाडफाड असो.

गणिताचं आता सांगतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या प्रश्नातली सर्वांत मोलाची गोष्ट तुम्ही कमीपणा म्हणून लिहिलीय. पाच वर्षं टॅली. वेबच्या कामाला कॅल्क्युलस लागत नाही. लागते ती नोंदी नीट मांडायची आणि त्या जुळवायची शिस्त. ती तुमच्याकडे आहे. पहिलं प्रोजेक्ट म्हणून सगळे करतात ती टू-डू लिस्ट करू नका. जीएसटी बिलाचं पान करा.

साधं पान: मालाचं नाव, नग, दर, १८ टक्के कर, खाली बेरीज. एचटीएमएलचा टेबल आणि फॉर्म यातच शिकून होतो. जावास्क्रिप्टमध्ये नग आणि दर घेतले की पहिला झटका बसेल. चौकटीत लिहिलेलं काहीही जावास्क्रिप्टकडे मजकूर म्हणून येतं. ५ नगांत ३ मिळवायला गेलात तर ८ न येता ५३ येतात, कारण दोन मजकूर शेजारी शेजारी चिकटले. वजाबाकीत मात्र ती स्वतःहून संख्या करून घेते आणि २ बरोबर देते, म्हणून चूक लवकर सापडत नाही. दुसरा झटका पैशांचा. ०.१ आणि ०.२ मिळवून पाहा, उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. संगणक दशांश अपूर्णांक दोनच्या घातांत (अर्धा, पाव, अष्टमांश) साठवतो, आणि एक दशांश त्यात नेमका बसत नाही, जसा एक तृतीयांश आपल्या दशांशात बसत नाही. अकाउंट्सच्या माणसाला हे पाहून घेरी येईल. म्हणून हिशेब रुपयांत न करता पैशांत, पूर्णांकांत करायचा, दर टप्प्याला पूर्णांक करून घ्यायचा आणि दाखवताना शंभराने भागायचं. वर्गात हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. तुम्ही ते स्वतःच्या बिलात भोगलेलं असेल.

पुढची पायरी: विकणारा आणि घेणारा यांचे जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणी क्रमांक, घ्या. १५ अक्षरी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. दोन्हीकडे सारखे असतील तर कर ९ आणि ९ असा केंद्राच्या सीजीएसटीत आणि राज्याच्या एसजीएसटीत फोडा, नसतील तर पूर्ण आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर). (खरा नियम पुरवठ्याच्या ठिकाणावर ठरतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सरावाला एवढं पुरे.) झाली तुमची 'इफ-एल्स'. बेरजेला लाख-कोटींचे स्वल्पविराम लावायला 'टू लोकेल स्ट्रिंग' नावाचं तयार फंक्शन आहे. त्याला भारतीय इंग्रजी सांगितलं तर आकडे नेहमीचे येतात, मराठी सांगितलं तर चक्क देवनागरी १२,३४,५६७.

आणि शेवटच्या दोन आठवड्यांत ते करा जे तुम्ही दर महिन्याला डोळे ताणून करता: खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) जुळवणं. पाचशे नोंदींच्या दोन याद्या घ्या. सरळ मार्ग म्हणजे पहिल्या यादीतल्या प्रत्येक बिलासाठी दुसरी पूर्ण यादी चाळायची. वाईटात वाईट ५०० गुणिले ५००, म्हणजे अडीच लाख तुलना. दुसरा मार्ग, आधी एका यादीचं 'जीएसटीआयएन अधिक बिल नंबर' असं खातेपान उघडून ठेवायचं आणि मग दुसरीतली प्रत्येक नोंद थेट त्या पानावर शोधायची. हजारभर पायऱ्यांत काम होतं. इंटरव्ह्यूत ज्याला अल्गोरिदम म्हणून मान डोलावतात त्यातला मोठा भाग हाच आहे, आणि लेजर उघडणाऱ्या माणसाला तो अर्ध्या तासात कळतो. तिथे 'आयएनव्ही-००१' आणि 'आयएनव्ही १' जुळणार नाहीत. ते कसे जुळवायचे, यावर तुमची एक संध्याकाळ जाईल. ती वाया गेली असं समजू नका. आम्हाला पगार याच संध्याकाळींचा मिळतो.

एवढ्यासाठी जावास्क्रिप्टचं लागतं काय? व्हेरिएबल, इफ, लूप, अ‍ॅरे, ऑब्जेक्ट, फंक्शन, आणि बटण दाबल्यावर पानावर काही बदलणं. बस. क्लोजर, प्रॉमिस, 'धिस' ही मंडळी वर्गात भेटतील. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, बॉक्स मॉडेल आणि फ्लेक्सबॉक्स, बाकी रंगरंगोटीत अडकू नका. तिथे वेळ कसा जातो कळत नाही आणि काही शिकल्यासारखं मात्र वाटत राहतं.

शिकायला पैसे खर्चू नका. २०१४ पासून चालू असलेलं फ्रीकोडकॅम्प फुकट आहे, ओडिन प्रोजेक्टही फुकट आहे. अडलं की एमडीएन (वेबच्या भाषांचं ऑनलाइन संदर्भपुस्तक), सुरुवातीला ते जड जाईल, तरी त्याचीच सवय लावा. दोन्ही अभ्यासक्रम एकदम धरू नका. व्हिडिओ पाहून डोकं हलवण्यात आणि रिकाम्या फाइलसमोर बसण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझा हिशेब असा: अर्धा तास पाहिलं तर दीड तास ते बंद करून स्वतः लिहायचं.

एआयचं विचारलं नाहीत, पण विचाराल. चॅटजीपीटी तुमचं बिलाचं पान एका मिनिटात लिहून देईल, आणि ते चालेलही. या सहा आठवड्यांत त्याला कोड लिहू देऊ नका. एरर चिकटवून 'याचा अर्थ मराठीत सांग, उत्तर देऊ नको' असं विचारा, त्याला ते छान जमतं. त्याआधी घड्याळ लावून वीस मिनिटं स्वतः झगडा. बूटकॅम्पचे चार महिने म्हणजे दिवसभर अडकून बसणंच असतं. ज्याला अडकून बसवत नाही, त्याचा जीव तिथे नकोसा होतो. नोकरी लागल्यावर ही यंत्रं वापरावीच लागतील. पण त्यांनी लिहिलेलं चूक की बरोबर, हे सांगायला कुणीतरी लागतं आणि तेवढ्याचसाठी तुम्हाला ठेवलेलं असतं.

गिट २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, त्यामुळे ते नवख्यांच्या सोयीचं नाही. सध्या 'अ‍ॅड', 'कमिट', 'पुश' एवढंच. रोज रात्री दिवसभराचं काम गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर. ब्रँच आणि मर्जची भांडणं टीममध्ये आल्यावर आपोआप शिकाल.

आता पैसे. हे मी तयारीतच धरतो.

संस्थेने सांगितलेल्या प्लेसमेंटच्या टक्क्यांत भागाकाराखाली काय आहे ते विचारा. प्रवेश घेतलेले सगळे, की कोर्स पूर्ण केलेले, की 'प्लेसमेंटसाठी पात्र' ठरवलेले? शंभरातले साठ पात्र ठरले आणि त्यातले चोपन्न लागले तर जाहिरातीत ९० टक्के छापता येतात. मागच्या बॅचचे दोघं-तिघं स्वतः शोधून बोला, संस्थेने दिलेले नंबर नकोत. मध्येच सोडलेला एखादा सापडला तर त्याला चहा पाजा.

फी 'सोप्या हप्त्यांत' असेल तर ते हप्ते बहुतेक वेळा संस्थेचे नसतात, एखाद्या वित्त कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. तुम्ही कोर्स सोडला किंवा संस्थाच बंद पडली, तरी कर्ज तुमच्या नावावर उरतं आणि वसुलीचा फोन तुम्हालाच येतो. संस्था बंद पडणं अशक्य मानू नका. या बूटकॅम्पांची लाट ज्यांनी सुरू केली त्यांतलं सॅन फ्रान्सिस्कोचं डेव्ह बूटकॅम्प २०१२ मध्ये सुरू झालं आणि २०१७ मध्ये बंदही झालं. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार सही घेण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावा लागतो, त्यात वर्षाचा एकूण व्याजदर लिहिलेला असतो, आणि दंड न भरता माघार घ्यायला थोडी मुदतही असते. तो कागद मागून घ्या, घरी आणा, तुम्ही तर आकड्यांतलेच आहात. 'नोकरी लागल्यावर फी द्या' असा करार असेल तर किती पगारापासून कपात सुरू होते, कोणतीही नोकरी धरतात की फक्त डेव्हलपरची, आणि जास्तीत जास्त किती भरावं लागेल, या तीन ओळी शोधा. अकाउंटंटचीच नोकरी पुन्हा लागली तरी हप्ता चालू, असा करार मी वाचलेला आहे.

आणि नोकरी आज सोडू नका. पहिले तीन आठवडे नोकरी सांभाळून रोज दोन तास बसा, महिन्याची वीस तारीख आणि जीएसटीच्या ३बी रिटर्नची धावपळ धरूनसुद्धा. तीन आठवड्यांनी बिलाचं पान अर्धंमुर्धं का होईना चालत असेल, आणि ऑफिसात वाउचर मारताना 'त्या बेरजेचं काय बरं चुकलं' हे डोक्यात येत असेल, तर राजीनामा द्या आणि नोटिशीच्या काळात पुढचं करा. कंपनीची नोटीस महिन्याची असेल तर आधी मालकाशी बोलून ठेवा, व्यापारी माणूस असतो, समजून घेतो. तीन आठवड्यांत दर वेळी बसायचं टाळलंत तर पुढच्या बॅचला जागा मागा. त्यात काही बिघडत नाही. फी भरून दुसऱ्या आठवड्यात कळण्यापेक्षा स्वस्त पडतं.

लॅपटॉपचं राहिलं. ४ जीबीत एडिटर, दहा टॅबचा क्रोम आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालणार नाही. पण लगेच नवा घेऊ नका. त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा आणि जागा असेल तर रॅम ८ जीबी करा. नव्या मशीनच्या मानाने खर्च किरकोळ येतो आणि फरक मात्र डोळ्यांना दिसतो. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच जोडलेली असते, ती वाढत नाही, म्हणून दुकानात जाण्याआधी मॉडेल नंबर घालून तपासा. नवाच घ्यायची वेळ आली तर १६ जीबी घ्या, ग्राफिक्स कार्डावर एक रुपया घालू नका. बॅटरी दोन तास टिकते का तेही पाहून घ्या. पुण्यात पेइंग गेस्टच्या खोलीत दोन कॉटच्या मध्ये एकच प्लग असतो आणि तो नेहमी दुसऱ्याच्या फोनला लावलेला असतो.